पन्नाशीची रेघ आणि पार्किन्सनचा मेंदू

पार्किन्सनचा आजार चाळिशीत सुरू झालेल्या माणसाचा मेंदू आणि तोच आजार सत्तरीत सुरू झालेल्या माणसाचा मेंदू एफएमआरआय (मेंदूतील रक्तपुरवठ्याचे बदल टिपणारे चित्रण) किंवा पेट (किरणोत्सारी द्रव्य वापरून मेंदूतील रसायनांचा माग काढणारे चित्रण) स्कॅनमध्ये सारखा दिसत नाही, असे निष्कर्ष गेल्या काही वर्षांत वारंवार प्रसिद्ध झाले आहेत. हालचालींचे नियमन करणारा पुटामेनचा भाग, लहान मेंदू आणि मेंदूच्या बाह्य आवरणातील हालचालींशी संबंधित क्षेत्रे यांच्या सक्रियतेत, तसेच या भागांच्या परस्परांशी असलेल्या जोडणीत, दोन गटांमध्ये फरक आढळतो. या निष्कर्षांशी माझा वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या आधाराने काढल्या जाणाऱ्या पुढच्या अनुमानाशी. लवकर सुरू होणारा आणि उशिरा सुरू होणारा पार्किन्सन हे जणू दोन स्वतंत्र आजार आहेत, आणि म्हणून औषधे, शस्त्रक्रिया, संशोधनातील प्रवेश व सामाजिक आधार यांची वाटणी वयाच्या रेघेवर करावी, अशी मांडणी आता सहजपणे केली जाते. मेंदूच्या सक्रियतेचा आज हाती असलेला पुरावा एवढा भार पेलू शकत नाही, असे माझे मत आहे.

आधी ही रेघच पाहू. १९८७ मध्ये लंडनमधील मेंदूविकारतज्ज्ञांनी एकवीस ते चाळीस या वयात सुरू होणाऱ्या पार्किन्सनला वेगळे नाव दिले. एकविसाच्या आत सुरू होणारा त्याहून निराळा मानला गेला. पुढे अनेक अभ्यासकांनी चाळीसऐवजी पन्नास ही मर्यादा धरली आणि आज तीच अधिक प्रचलित आहे. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी हाताला कंप सुटलेला माणूस एका शोधनिबंधात ‘उशिरा’च्या गटात आणि दुसऱ्यात ‘लवकर’च्या गटात बसतो, आणि आपण मात्र दोन्ही निबंधांचे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून वाचतो. निसर्गाने पन्नाशीच्या वाढदिवशी मेंदूत कोणतीही सीमा आखलेली नाही. सुरुवातीच्या वयानुसार लक्षणे बदलतात ती हळूहळू, एका सलग उतारावर. दोन गट पडतात ते तक्ता तयार करण्याच्या सोयीसाठी.

‘सुरुवात’ या कल्पनेतही मोठी अडचण आहे. आजार सुरू झाल्याचे वय म्हणून जे नोंदवले जाते, ते रुग्णाला पहिला कंप, पहिला ताठरपणा किंवा पहिला मंदपणा जाणवल्याचे वय असते, आणि तेही बहुधा आठवणीतून सांगितलेले. प्रत्यक्षात वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे ही लक्षणे हालचालींतील बिघाडाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. हालचालींची लक्षणे उघड होईपर्यंत पुटामेनमधील डोपामिन या, हालचालींसाठी लागणाऱ्या संदेशवाहक रसायनाचा मोठा हिस्सा नाहीसा झालेला असतो. तेव्हा ज्याला आपण आजाराची सुरुवात म्हणतो, तो खरे तर मेंदूची भरपाई करण्याची ताकद अपुरी पडू लागल्याचा क्षण असतो. तरुण मेंदू ही भरपाई अधिक काळ आणि अधिक चांगली करतो, असे मानण्यास पेट स्कॅनच्या अभ्यासांत आधार आहे: कमी वयात लक्षणे दिसलेल्या रुग्णांमध्ये, लक्षणे दिसतात त्या टप्प्यावर, डोपामिनची घट तुलनेने अधिक खोलवर गेलेली आढळते आणि त्यापुढील ऱ्हासाचा वेग मात्र कमी असतो. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचा अर्थ असा, की स्कॅनमध्ये दिसणाऱ्या फरकाचा काही भाग आजाराचा आहे आणि काही भाग त्या आजाराला तोंड देणाऱ्या मेंदूचा आहे, आणि केवळ चित्राकडे पाहून हे दोन भाग वेगळे काढता येत नाहीत.

रुग्णालयात जे फरक दिसतात ते मात्र नाकारण्यासारखे नाहीत. कमी वयात आजार जडलेल्यांमध्ये सुरुवातीलाच पाय किंवा हात पिळवटल्यासारखा वळण्याचे प्रमाण जास्त असते, आजार पुढे सरकण्याचा वेग कमी असतो, लेव्होडोपाला, म्हणजे मेंदूत डोपामिन बनणाऱ्या मुख्य औषधाला, प्रतिसाद चांगला मिळतो, पण औषधाचा असर कमीजास्त होणे आणि अनैच्छिक हालचाली सुरू होणे हेही लवकर घडते. उशिरा आजार जडलेल्यांचा तोल आणि चाल लवकर बिघडते, आणि स्मरणशक्ती व विचारशक्तीवर परिणाम लवकर दिसू लागतो.

आता ‘मेंदूची सक्रियता’ म्हणजे नेमके काय मोजले जाते, याकडे वळतो. वर्तमानपत्री बातम्यांत नेमका हाच भाग गाळला जातो. एफएमआरआय चेतापेशींचे काम थेट मोजत नाही. चेतापेशी काम करू लागल्या की त्या भागाकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो आणि त्यामुळे चुंबकीय संकेतात किंचित बदल होतो. हा बदल शिखरावर पोहोचायला पाचसहा सेकंद लागतात. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडलेल्या या तत्त्वावर सगळी इमारत उभी आहे. रुग्ण काहीही न करता पडून असताना या संकेतात जे संथ चढउतार होतात, त्यांची तीव्रता किंवा दोन भागांतील चढउतारांचे साम्य मोजायचे, आणि एका गटाची सरासरी दुसऱ्या गटाच्या सरासरीशी ताडून पाहायची, ही पार्किन्सनच्या अभ्यासांतील नेहमीची पद्धत आहे. पण रक्तवाहिन्यांची लवचिकता वयाबरोबर कमी होते, उच्च रक्तदाब आणि मधुमेह ती आणखी घटवतात, आणि त्यामुळे चेतापेशी तितकेच काम करत असल्या तरी सत्तरीच्या माणसाचा संकेत पंचेचाळिशीच्या माणसापेक्षा क्षीण येऊ शकतो. दोन वयोगटांची तुलना करणाऱ्या अभ्यासात हा दोष किरकोळ मानता येत नाही. तो नेमका मोजमापाच्या मुळाशी बसतो.

त्यात कंपाची भर पडते. स्कॅन चालू असताना डोके मिलिमीटरच्या अंशानेही हलले तर दूरदूरच्या भागांतील जोडणीचे आकडे फसवे येतात, हे २०१२ पासून सर्वांना ठाऊक आहे. आणि इथे तर थरथरणाऱ्या माणसांचाच अभ्यास करायचा असतो. औषध घेऊन स्कॅन काढला की औषध सुमारे बारा तास थांबवून काढला, यानेही चित्र बदलते. तरुण रुग्ण वेगळी औषधे, वेगळ्या मात्रेत आणि अधिक वर्षे घेत आलेले असतात, आणि दीर्घकाळ घेतलेल्या औषधाने मेंदूत घडवलेले बदल एका रात्रीत पुसले जात नाहीत. शिवाय हे अभ्यास बहुधा एका गटात काही डझन माणसे घेऊन झालेले आहेत. २०१६ मध्ये स्वीडनच्या अँडर्स एक्लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या स्कॅनवर प्रचलित संगणकीय पद्धती वापरून दाखवून दिले, की काही पद्धतींत, जिथे काहीच फरक नाही तिथेही, सत्तर टक्क्यांपर्यंत वेळा ‘फरक’ सापडू शकतो. त्यानंतर पद्धती सुधारल्या, हे मान्यच केले पाहिजे. पण आधीचे निबंध मागे घेतले गेले नाहीत आणि त्यांचे दाखले आजही दिले जातात.

निष्कर्षाच्या अर्थाचा प्रश्न मला याहूनही अवघड वाटतो. तरुण गटात लहान मेंदूची सक्रियता वाढलेली दिसली की तिला ‘भरपाई’ म्हटले जाते. वृद्ध गटात ती कमी दिसली की ‘ऱ्हास’. उलटे आढळले असते तर वृद्धांच्या मेंदूवर जादा ताण पडतो आहे, असे म्हणता आले असते. कंप निर्माण होण्याच्या प्रक्रियेतही लहान मेंदूचा सहभाग असतो, त्यामुळे वाढलेली सक्रियता हे भरपाईचे लक्षण आहे की खुद्द कंपाचे, हे त्या व्यक्तीची प्रत्यक्ष हालचाल मोजल्याशिवाय सांगता येत नाही. जे स्पष्टीकरण कोणत्याही निकालाला चिकटवता येते, त्यावर उपचाराचे धोरण उभे करू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नसावी.

या सगळ्या तांत्रिक अडचणी उद्या चांगल्या यंत्रांनी आणि मोठ्या गटांनी दूर होतील, असे समजू. तरीही एक अडचण उरते आणि ती यंत्राची नसून अंकगणिताची आहे. रुग्णाचे आजचे वय म्हणजे आजार सुरू झाला तेव्हाचे वय अधिक आजाराला झालेली वर्षे. या तीन राशींपैकी दोन ठरल्या की तिसरी आपोआप ठरते. समजा, एका गटाला आजार बेचाळिसाव्या वर्षी झाला आणि दुसऱ्याला पासष्टाव्या. दोन्ही गटांना आजार होऊन पाच वर्षे झाली असताना तुलना केली, तर एका गटाचे वय सत्तेचाळीस आणि दुसऱ्याचे सत्तर येते. दिसलेला फरक सुरुवातीच्या वयाचा की आजच्या वयाचा, हे सांगता येत नाही. बरे, दोघेही सत्तरीचे असताना तुलना करावी, तर एकाचा आजार अठ्ठावीस वर्षांचा असतो आणि दुसऱ्याचा पाच वर्षांचा. त्यातही अठ्ठावीस वर्षे आजारासह जगलेली माणसे हा आधीच चाळणीतून गेलेला गट असतो, कारण ज्यांचा आजार अधिक आक्रमक होता त्यांतील अनेक जण तोवर हयात राहिलेले नसतात. कोणत्याही संख्याशास्त्रीय सूत्राने तिन्ही राशींचा स्वतंत्र परिणाम एकाच वेळी काढता येत नाही. कोणती तरी एक धारणा आधी मान्य करावीच लागते.

यावर संशोधकांचा नेहमीचा उपाय म्हणजे प्रत्येक गटाची तुलना त्याच वयाच्या निरोगी माणसांशी करायची आणि मग दोन फरकांमधील फरक काढायचा. उपाय योग्य आहे, पण त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे: वार्धक्य आणि आजार यांची एकमेकांत साधी बेरीज होते. पार्किन्सनच्या बाबतीत हे गृहीतक डोळे झाकून मान्य करण्यासारखे नाही. फर्नली आणि लीस या संशोधकांनी १९९१ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून दाखवले, की सबस्टॅन्शिया नायग्रा या डोपामिन तयार करणाऱ्या भागातील पेशी निरोगी वार्धक्यातही दर दशकाला सुमारे पाच टक्के या गतीने कमी होतात. परंतु वार्धक्यात त्या प्रामुख्याने ज्या थरातून जातात, तो थर पार्किन्सनमध्ये सर्वाधिक झडणाऱ्या थराहून वेगळा असतो. याचा अर्थ पार्किन्सन म्हणजे केवळ वेगाने आलेले म्हातारपण नव्हे. पण त्याच वेळी वार्धक्याने आधीच विरळ झालेल्या भागावर आजाराचा घाला पडला, तर परिणाम बेरजेपेक्षा मोठा होऊ शकतो, हेही त्यातूनच सूचित होते.

आजच्या वयाचे वजन किती मोठे आहे, याचा एक स्वतंत्र पुरावा लंडनच्या क्वीन स्क्वेअर ब्रेन बँकेतील (संशोधनासाठी दान केलेले मेंदू जतन करणाऱ्या संस्थेतील) नोंदींवरून २०१० मध्ये पुढे आला. वारंवार पडणे, भास होणे, स्मृतिभ्रंश आणि कायम दुसऱ्याच्या देखभालीची गरज हे आजाराच्या शेवटच्या टप्प्यातील चार मैलाचे दगड मानले, तर आजार कोणत्या वयात सुरू झाला होता यावर त्यांचा मृत्यूपूर्वीचा क्रम आणि कालावधी फारसा अवलंबून नसल्याचे आढळले. तरुणपणी आजार झालेल्यांचा मधला काळ लांब होता; शेवटचा काळ मात्र इतरांसारखाच होता. सिडनी येथील दीर्घ अभ्यासात आजार होऊन वीस वर्षे झालेल्या हयात रुग्णांपैकी ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. ‘लवकर झालेला पार्किन्सन बुद्धीला धक्का लावत नाही’ असे आश्वासन तरुण रुग्णांना दिले जाते तेव्हा ‘अजून लावलेला नाही’ असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

एका ठिकाणी मात्र वेगळेपणाचा दावा खरोखर भक्कम आहे, आणि तो स्कॅनमुळे नव्हे तर जनुकांमुळे. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी ओळखलेल्या पार्किन या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर आजार बहुधा तरुणपणी, कधी किशोरवयातही सुरू होतो, संथ गतीने चालतो, आणि मृत्यूनंतर तपासलेल्या अशा अनेक मेंदूंमध्ये पार्किन्सनची खूण समजली जाणारी ल्युई पिंडे (चेतापेशींत साचणारे प्रथिनांचे गोळे) सापडतच नाहीत. इथे जैविक प्रक्रियाच वेगळी असण्याची शक्यता आहे. पण पन्नाशीच्या आत आजार झालेल्या प्रत्येकात हा दोष नसतो. बहुसंख्यांमध्ये तो नसतोच. तेव्हा ‘लवकर’ हा गट आतून एकजिनसी नाही, आणि त्या गटाची सरासरी काढून मिळालेले मेंदूचे चित्र त्यातील कोणत्याच एका व्यक्तीचे चित्र नसण्याचा संभव मोठा आहे. वयापेक्षा जनुकीय तपासणीने गट पाडावेत, तर त्याला अर्थ आहे.

या चर्चेचा रुग्णाच्या आयुष्याशी संबंध काय, असे कोणी विचारेल. वयाची रेघ उपचारात शिरली की काय होते, याचा इतिहास आपल्यासमोर आहे. तरुण रुग्णांना अनैच्छिक हालचाली लवकर होतात, या निरीक्षणावरून अनेक वर्षे असा प्रघात पडला, की तरुणांना लेव्होडोपा शक्य तितक्या उशिरा द्यावे, औषध ‘पुढच्यासाठी राखून’ ठेवावे. त्याऐवजी डोपामिनसारखे काम करणारी जी दुसरी औषधे दिली गेली, त्यांनी काहींना जुगार, अनावर खरेदी आणि लैंगिक आवेग यांच्या आहारी नेले. आणि हा धोका तरुण रुग्णांतच अधिक असतो. मग २०१४ मध्ये घाना आणि इटली या देशांतील रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. घानामध्ये औषध उपलब्ध नसल्याने रुग्णांना लेव्होडोपा बऱ्याच वर्षांनी मिळाले होते. तरीही अनैच्छिक हालचाली दोन्हीकडे आजाराच्या जवळपास त्याच टप्प्यावर सुरू झाल्या. घानातील रुग्णांमध्ये त्या औषध सुरू केल्यानंतर फार लवकर आल्या, एवढेच. म्हणजे औषध राखून ठेवल्याने फार काही वाचले नव्हते. ज्या वर्षांत माणूस नोकरी करत होता, मुले वाढवत होता, ती वर्षे मात्र अकारण ताठरपणात गेली होती. औषधाची मात्रा किती ठेवावी याला महत्त्व आहेच, विशेषतः तरुणांमध्ये. पण वयावरून औषध नाकारण्याला जो शास्त्रीय आधार असल्यासारखा वाटत होता, तो सहसंबंधालाच कारण समजल्यामुळे निर्माण झाला होता. मेंदूच्या सक्रियतेच्या नकाशांवरून उद्या असाच दुसरा प्रघात पडू नये, अशी माझी चिंता आहे.

माझ्या मताविरुद्ध सर्वांत वजनदार मुद्दा रुग्णांच्या बाजूने येतो. कमी वयात आजार झालेल्यांचे निदान उशिरा होते, कारण खांदा आखडला किंवा हस्ताक्षर बारीक झाले तर चाळिशीच्या माणसात पार्किन्सनचा संशय चटकन कोणाला येत नाही. त्यांच्या अडचणी नोकरीच्या, कर्जाच्या, संसाराच्या, गर्भारपणाच्या असतात आणि आधारगटात मात्र त्यांना आईवडिलांच्या वयाची माणसे भेटतात. अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांना १९९१ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी निदान झाले आणि त्यांनी ते सात वर्षे लोकांपासून लपवून ठेवले, यावरून त्या अवघडलेपणाची कल्पना येते. अशा माणसांना वेगळे नाव आणि वेगळा गट मिळाला तर त्यात वाईट काय? काहीच नाही. त्यांना वेगळी मदत मिळालीच पाहिजे. माझा आक्षेप इतकाच, की ही मदत मागण्यासाठी त्यांचा मेंदू वेगळा असल्याचे सिद्ध करावे लागू नये. नोकरी टिकवण्यासाठी लागणारी सवलत पुटामेनच्या सक्रियतेवर अवलंबून ठेवली, तर ज्या दिवशी एखादा मोठा अभ्यास तो फरक खोडून काढील, त्या दिवशी सवलतीचा आधारही जाईल. वेगळे आयुष्य हे वेगळ्या मदतीसाठी पुरेसे कारण आहे.

नाण्याची दुसरी बाजू वृद्धांची आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात पंच्याऐंशी लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन होता, आणि त्यांतील फार मोठ्या बहुसंख्येला तो पन्नाशीनंतरच झालेला असतो. तरीही औषधांच्या चाचण्यांत वयाची वरची मर्यादा घातली जाते, इतर आजार असलेल्यांना वगळले जाते, आणि स्कॅनच्या अभ्यासांत स्थिर पडून राहू न शकणारे किंवा गोंधळून जाणारे रुग्ण आपोआप गळतात. मेंदूत खोलवर विद्युतअग्र बसवण्याच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घ्या. ती लवकर केल्यास आयुष्याची प्रत सुधारते, हे २०१३ च्या ज्या मोठ्या युरोपीय चाचणीने दाखवले, तिच्यातील २५१ रुग्णांचे सरासरी वय बावन्न होते आणि साठीपुढच्यांना तिच्यात प्रवेशच नव्हता. चाचणीने जे विचारले त्याचे उत्तर तिने चोख दिले. पण त्यावरून ‘शस्त्रक्रिया तरुणांसाठी’ असा समज पसरला तर तो चाचणीने दिलेला निकाल म्हणता येत नाही. बाहत्तर वर्षांच्या, स्मरणशक्ती शाबूत असलेल्या आणि लेव्होडोपाला उत्तम प्रतिसाद देणाऱ्या रुग्णाबद्दल तिने काहीच सांगितलेले नाही. अशा रुग्णाचा निर्णय त्याची विचारशक्ती, औषधाला मिळणारा प्रतिसाद, हृदयाची व रक्तवाहिन्यांची स्थिती आणि त्याची स्वतःची इच्छा यांवरून व्हायला हवा.

संशोधनासाठी पैसा देणाऱ्या संस्थांना यातून एक सरळ निवड करता येईल. दोन गटांचे एकेकदा स्कॅन काढून तुलना करणारे आणखी वीस छोटे अभ्यास करण्यापेक्षा, त्याच माणसांचे स्कॅन दहा वर्षे ठरावीक अंतराने काढणारा एक अभ्यास करावा. त्यात सुरुवातीचे वय पन्नासवर न कापता जसेच्या तसे संख्या म्हणून वापरावे, जनुकीय तपासणी व्हावी, औषधांचा पूर्ण इतिहास नोंदवावा, आणि ऐंशीच्या वर वय असलेल्यांनाही घ्यावे. २०१० मध्ये सुरू झालेल्या पीपीएमआय (पार्किन्सन्स प्रोग्रेशन मार्कर्स इनिशिएटिव्ह) या बहुराष्ट्रीय उपक्रमाने रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे आणि माहिती सर्व संशोधकांना खुली ठेवणे शक्य असल्याचे दाखवून दिले आहे. तिन्ही राशींचे अंकगणित तरीही सुटणार नाही. परंतु एकाच मेंदूत भरपाई कधी वाढली, कधी मंदावली आणि त्या वेळी माणसाची चाल कशी होती, हे तरी एकाच व्यक्तीच्या नोंदीत सलग दिसेल, आणि ‘भरपाई’ या स्पष्टीकरणाला चुकीचे ठरण्याची संधी प्रथमच मिळेल.